खाजकुइलीवरचा प्रबंध

डॉ. उज्वला आहेर यांनी आयुष्याची बावीस वर्षं खाजेला वाहिली होती. देवळ्याच्या कांदा पिकवणाऱ्या घरातली मुलगी डॉक्टर झाली म्हणून वडिलांनी गावभर पेढे वाटले. ती माणसं तपासत नाही, उंदीर किती वेळा खाजवतात ते मोजते, हे पुढे कळलं. मग मात्र त्यांनी हा विषय चारचौघांत काढला नाही.

लग्नकार्यात काका हटकून पायाची बोटं दाखवायचे. "हा नायटा असेल का गं?"

"मला नाही सांगता येणार, काका. खाजेचा निरोप मेंदूपर्यंत कसा जातो, ते मी बघते."

"निरोप पोचलाय गं. तू मलम सांग."

उज्वलाला कोडं पडलं होतं ते वेगळंच. सुई टोचली की हात झटकन मागे येतो. खाज सुटली की तोच हात तिकडे धावतो. वेदना आणि खाज, दोन्ही कातडीतूनच निघतात, मग वाटेत असं काय बिनसतं? खाजकुइलीची खाज अ‍ॅलर्जीच्या नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही, कारण तिची वाटच निराळी, हे तिने प्रबंधात दाखवून दिलं होतं. दोनशे बारा पानं.

आता नाशिकच्या एका कॉलेजात तिची प्रयोगशाळा होती आणि नव्या प्रयोगासाठी तिला ताज्या शेंगा हव्या होत्या. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी ती नवऱ्याला, शेखरला घेऊन पेठच्या बाजूला गेली. शेखर दातांचा डॉक्टर. "माझ्याकडे लोक रडत येतात, तुझ्याकडे हसत," असं तो नेहमी म्हणायचा.

शेंगा दाखवायला तिथल्याच पाड्यावरच्या भागीबाई आल्या. साठीच्या, काटक, अनवाणी. डोंगराच्या उतारावर वेलाला तपकिरी, मखमली शेंगांचे घोस लटकत होते. उज्वलाने हातमोजे, चष्मा, मास्क, प्लास्टिकचा झगा असं सगळं चढवलं. भागीबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"एवढं शिकून खाज न्यायला आली का, ताई?"

"हो, मावशी."

"मग इकडून ये. वारा तुझ्या अंगावर येतोय."

"मी वीस वर्षं हेच काम करतेय, मावशी," उज्वला गोड हसून म्हणाली आणि तिने शेंग कापली.

वाऱ्याची एक झुळूक आली. सगळ्या अंगात तेवढी मान उघडी होती. शेंगेवरची बारीक कुसं नेमकी तिथे बसली.

पुढच्या मिनिटाला डॉक्टरबाई चष्मा फेकून मान ओरबाडत होत्या. त्यांनी पर्स उपडी केली आणि दोन गोळ्या पाण्याशिवाय गिळल्या.

शेखरने पाकीट उचलून वाचलं. "उज्वला, या गोळीने काही होत नाही, असं कुणीतरी लिहिलंय ना?"

"गप्प बस!"

"नाही, मी मुद्रितं तपासली होती म्हणून आठवलं."

तिने मानेवर बाटलीभर पाणी ओतलं. खाज पाठीवर उतरली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा तिला आठवले प्रयोगासाठी हातावर कुसं लावून घेणारे विद्यार्थी. "पाचच मिनिटं हं, खाजवायचं नाही," असं ती त्यांना किती सहज सांगायची! तिला मनापासून लाज वाटली.

भागीबाई तोवर ओंजळभर शेण घेऊन आल्या. त्यांनी ते मानेवर, पाठीवर थापलं. "आता हात लावू नको. सुकू दे."

शेण सुकलं तसं त्यांनी पापडासारखं सोलून काढलं. खाज बरीच ओसरली.

"तुम्हाला कसं माहीत, मावशी?"

"कुसं चिकटून निघतात. त्यात काय माहीत असायचं?"

ते उज्वलाला शास्त्रीयदृष्ट्या पूर्ण पटलं, याचाच तिला जास्त राग आला.

परतल्यावर तिने प्रयोगाचे नियम बदलले: नको वाटलं की कुणीही त्याच क्षणी थांबवायचं. शेंगा गोळा करायचं काम तिने भागीबाईंना दिलं. फेब्रुवारीत त्या एसटीने पहिलं गाठोडं घेऊन नाशिकला आल्या आणि प्रयोग बघून म्हणाल्या, "मलापण लाव."

नियम, धोके सगळं समजावून, संमतीचा अंगठा घेऊन उज्वलाने त्यांच्या हातावर मोजकी कुसं ठेवली. वेदिका ही विद्यार्थिनी कागद घेऊन बसली.

"आजी, शून्य ते दहा, किती खाज आहे?"

"दहा म्हणजे केवढी?"

"आयुष्यातली सगळ्यात मोठी."

भागीबाईंनी जरा विचार केला. "तीन लिही."

"तीनच?" उज्वला खुर्ची ओढून जवळ आली. "मग दहा कुठली, मावशी?"

भागीबाई भाताच्या आवणीचं, पावसात रोपं लावायच्या कामाचं सांगू लागल्या. दुसऱ्याच्या चिखलात महिनाभर उभं राहायचं, बोटांच्या बेचक्या सडून चिखल्या व्हायच्या, चुलीपुढे बसलं की पाय तोडून टाकावे वाटायचं. मग सासूबाई तव्यावर मीठ गरम करून पुरचुंडीने शेकायच्या. चटका बसायचा, पण खाज पळायची.

"चटका बसल्यावर किती वेळ पळायची?" उज्वलाने विचारलं.

"झोप लागेपर्यंत."

वेदिकाने घड्याळ दाखवलं. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. उज्वलाने मान हलवली, वहीचं कोरं पान उघडलं आणि मीठ किती गरम असायचं ते विचारायला लागली.