भिंतीवरची खालची रेघ

"काय हो आजोबा, तुम्हाला अजून दिसतं का?"

मित्रांनो, हा प्रश्न मला शाळेच्या सायकल स्टँडवर विचारला गेला, तोही भर सुट्टीत, सगळ्यांच्या देखत. विचारणारी आमच्याच घरची मुलगी, भिंगरी. तिच्या दोन मैत्रिणी, लंबी आणि चष्मिष, यांनी तशी पैजच लावली होती. "गुडघे टेकायचे, हात जोडायचे आणि एकदम गंभीर चेहऱ्याने त्या डबड्याला विचारायचं. हसलीस की हरलीस!" पैज म्हटली की भिंगरी मागे हटते थोडीच? तिने विचारलं, ओठसुद्धा हलू दिला नाही, आणि मग तिघी एकमेकींच्या अंगावर पडून अशा हसल्या की शेजारच्या चार सायकली आडव्या झाल्या.

मला उत्तर देता आलं नाही. ते आज देतो.

मी एक जुना दिवा आहे. सायकलचा, डायनामोवर चालणारा. पत्र्याच्या एका गोल चकतीवर यंत्राचा दाब पडला आणि मी वाटीसारखा खोल झालो. आत चांदीसारखा मुलामा, पुढे उभ्या रेघांची काच आणि पोटात वाटाण्याएवढा बल्ब. डायनामो माझा जन्माचा सोबती. तो पुढच्या चाकाच्या टायरला गाल घासून कुरकुरतो आणि त्याच्या कुरकुरीवर मी उजळतो. चाक जोरात तर मी जोरात, चाक मंद तर मी मंद. आणि चाक थांबलं की... असो. ते दुखणं पुढे सांगतो. आपल्या तोंडाने आपली उणीव पहिल्याच पानावर कोण सांगेल?

भिंगरीचे बाबा लेथवर काम करतात. लोखंडाचा केसाएवढा चुकलेला काठही ज्याला झोपू देत नाही, असा माणूस. त्यांनी मला सायकलवर चढवलं त्या दिवशीच पाण्याच्या टाकीच्या भिंतीसमोर नेऊन उभं केलं. भिंतीपासून मोजून सात पावलं. खडूने माझ्या उंचीवर एक रेघ मारली आणि तिच्या निम्म्यावर दुसरी. मग पाना घेऊन माझा नट सैल केला, माझी मान वाकवली आणि उजेडाचा गोळा बरोबर खालच्या रेघेवर आणून बसवला.

"वरच्या रेघेच्या वर थेंबभरही उजेड जाता कामा नये," ते म्हणाले. "दिवा वाट बघायला असतो, समोरच्याच्या डोळ्यात खुपसायला नाही."

दर महिन्याला हा कार्यक्रम. खड्ड्यांमधून धक्के खाऊन माझी मान जराशी वर उठायची, बाबा ती पुन्हा खाली आणायचे. पण मी पेटायला चाक फिरायला हवं ना? मग बाबा सायकलचं तोंड उचलून धरायचे आणि त्यांची चिमुरडी दोन्ही हातांनी चाक गरगर फिरवायची. "फिरव, फिरव गं भिंगरी!" तिचं नाव तिथूनच पडलं. म्हणजे बघा, माझ्यामुळे पडलं. घरात इतक्या वस्तू आहेत, कपाट आहे, घड्याळ आहे, भला मोठा टेबलपंखा आहे. मुलीला नाव कुणामुळे मिळालं? माझ्यामुळे. या गोष्टीवर मी कितीतरी वर्षं फुगून बसलो होतो.

पाय पुरायला लागले तशी सायकल तिची झाली. मी म्हटलं, आता तर काय, सोन्याचे दिवस!

कसले सोन्याचे दिवस? तिच्या वाढदिवसाला मामा आला.

मामाच्या हातात एक डबी आणि डबीत तो. काळा, चपटा, बोटाएवढा. बटण दाबलं की पांढराफटक. पुन्हा दाबलं की लुकलुक, लुकलुक. आणि मामाने त्याला बसवलं कुठे? हँडलवर. म्हणजे थेट माझ्या डोक्यावर! मित्रांनो, तुमच्या बाकावर तुमच्या पुढ्यात कुणी उभं राहिलं तर कसं वाटेल? शिवाय मामाने त्याला एकदम ताठ बसवलं. "बघ कसा समोर बघतो! तुझ्या बापाच्या दिव्यासारखा मान खाली घालून चालणारा नाही."

बाबा कामावर होते. टाकीच्या भिंतीची आठवण कुणालाच झाली नाही.

आई तेवढी म्हणाली, "बरं झालं बाई. चौकात सायकल थांबली की हा जुना विझून जातो. मागे एकदा हातगाडीवाला येऊन आदळलाच होता ह्यांच्यावर."

हेच माझं दुखणं. चाक थांबलं की मी आंधळा. ते खरंच आहे, पण त्याच्यासमोर बोलायची काय गरज होती?

त्या दिवसापासून मी जळायला लागलो. भिंगरीने डायनामो टायरवरून उचलून ठेवला, कारण तो लावला की पेडल जड जातं. म्हणजे मी मुका, आंधळा आणि वर बिनकामाचा. तो मात्र रोज दिमाखात. तिने त्याला नावसुद्धा ठेवलं, 'हिरो'. त्याच्यावर धूळ बसली की ओढणीच्या टोकाने पुसायची. माझ्या काचेवर एका कोळ्याने बिऱ्हाड थाटलं होतं, ते तिला दिसलंही नाही. तो रोज वायरीला टोचून घेऊन पोटभर वीज पितो, एवढा खादाड, तरी कौतुक त्याचंच. पावसाच्या एका सरीत तो बंद पडावा म्हणून मी काय काय मागणं मागितलं ते सांगत नाही. पाऊस आला, मला गंज चढला, त्याला काही झालं नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

भिंगरी हँडबॉल खेळते. गोलकीपर. चेंडू अडवताना अशी झेप घेते की कोपरांना कायम औषध लावलेलं. यंदा शाळेच्या संघाची निवड होती, शनिवारी. सराव सुटायचा सातला. दिवस लहान झालेले, सातला अंधार पडलेला आणि घरी यायची वाट कालव्याच्या काठाने. ना तिथे खांबावर दिवा, ना कठडा. बाबांची पाळी आठला सुटते, त्यामुळे आणायला कुणी नाही. आईची परवानगी मिळवायला तिने आठ दिवस भांडी घासली.

शेवटी आई म्हणाली, "जा. पण एक जरी वेडीवाकडी गोष्ट कानावर आली ना, तर सायकल बंद. मग निवड नाही नि बिवड नाही."

"कानावर येणारच नाही!" भिंगरी म्हणाली आणि आईच्या गालाचा मुका घेऊन पळाली.

मंगळवारची संध्याकाळ. तिघी सरावाहून निघाल्या. लंबी आणि चष्मिषच्या सायकलींना दिवेच नाहीत, त्या हिरोच्या जिवावर मागून यायच्या. "कालव्याच्या झडपेपर्यंत शर्यत!" लंबी ओरडली. तिघींनी माना खाली घातल्या आणि सुटल्या. बोलायला श्वास कुणाकडे होता? हिरो माझ्या डोक्यावर लुकलुक, लुकलुक.

समोरून एक पिवळा ठिपका येत होता. मी त्याला लगेच ओळखलं. का नाही ओळखणार? आमच्या घराच्या बोळात रोज माझ्या शेजारी उभा असतो तो. आईच्या सायकलचा दिवा, बटाट्याएवढा. आई दवाखान्यात नर्स आहे. एरवी मोठ्या रस्त्याने जाते, पण त्या दिवशी रस्ता खणून ठेवलेला, म्हणून ती रात्रपाळीला कालव्याने निघाली होती.

हिरोचा पांढरा झोत सरळ तिच्या डोळ्यांत गेला. तिने एक हात डोळ्यांवर धरला. हँडल डगमगलं. चाक काठावरून घसरलं. आणि धप्प!

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते खरं सांगू? मला आनंद झाला. 'आता कळेल! आता कळेल तुमच्या लाडक्याचे गुण!' हेच माझ्या मनात पहिलं आलं. आई पाण्यात पडली, हे दुसरं आलं. इतका मी जळून गेलो होतो.

भिंगरीचा वेग जरासा कमी झाला. "काहीतरी पडलं का गं मागे?"

"बेडूक असेल," लंबी म्हणाली.

"एवढा मोठा?" चष्मिष म्हणाली. "बेडूक आहे की बेडकाचं कपाट?"

तिघी खिदळल्या. आणि पुढे निघून गेल्या.

आई कामाला न जाता अर्ध्या तासाने घरी परत आली. सायकल ढकलत, कपडे ओलेचिंब, कोपरापर्यंत चिखल, डावं मनगट सुजलेलं. रोज दुसऱ्यांना पट्ट्या बांधणारी बाई, स्वयंपाकघरात स्टुलावर बसून दाताने पट्टी ओढून स्वतःचं मनगट बांधत होती. तिची सायकल स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, माझ्याशेजारी टेकवलेली. तो बटाट्याएवढा दिवा, तोंडभर चिखल, माझ्याकडे बघत होता. मी दुसरीकडे बघावं म्हटलं, तर मान वळत नाही.

"कोण दीडशहाणा होता देव जाणे!" आई सांगत होती. "असा लखलखाट मारला डोळ्यांत की वाट गेली कुठे, कळेचना. वर पुन्हा लुकलुक! सर्कस निघाली होती जशी काही."

"कुठे पडलीस?" बाबांनी विचारलं. ते नुकतेच आले होते, हाताला अजून तेलाचा वास.

"झडपेजवळ. आणि वर थांबलासुद्धा नाही मेला. हाक मारली तर हसण्याचा आवाज आला."

भिंगरी पोळीचा घास हातात धरून बसली होती. तो घास तोंडात गेला नाही, ताटातही गेला नाही.

"तू त्याच वाटेने आलीस ना गं?" आई म्हणाली. "तुला दिसला का कोणी?"

"नाही," भिंगरी म्हणाली. इतक्या हळू की मला आधी वाटलं, कुणीतरी दुसरंच बोललं.

बुधवारी ती शाळेत सायकलने गेली, पण वाटेत एकदाही घंटी वाजवली नाही. पैजा नाहीत, शर्यत नाही. सरावाला जायच्या ऐवजी तिने घर गाठलं, कपाटाखालच्या डब्यातून बाबांचा पाना काढला, शाळेतून आणलेला खडूचा तुकडा मुठीत घेतला आणि सायकल टाकीच्या भिंतीसमोर आणली. मोजून सात पावलं. जुन्या रेघा केव्हाच पुसल्या होत्या. तिने नव्या मारल्या. वरची. खालची.

उजेड उतरायची ती वाट बघत बसली. मग हिरोचं बटण दाबलं.

पांढरा गोळा खालच्या रेघेवर नव्हता. वरच्या रेघेवरही नव्हता. तो दोन्हींच्या कितीतरी वर, टाकीच्या कठड्यावर वाळत घातलेल्या शेजारच्या काकांच्या सदऱ्यावर पडला होता. सदरा लखलखत होता. भिंगरी भिंतीपाशी जाऊन, आई जशी आली असेल तशी, सायकलच्या समोरून चालत आली. चार पावलांतच तिने हात डोळ्यांवर धरला.

मग तिने कोळ्याला अलगद हुसकलं, डायनामो टायरला लावला, एका हाताने सायकलचं तोंड उचललं आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. गरगर, गरगर. माझा जुना, पिवळा, म्हातारा उजेड भिंतीवर उतरला. खालच्या रेघेवर. आता बरोब्बर म्हणालो तर बढाई होईल, दोन बोटं डावीकडे होता. पण रेघेच्या वर थेंब नाही.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्हाला दिसत होतं."

तिने पाना उचलला, तेव्हा मी मनात म्हटलं, गेला, गेला हिरो! आता त्याला काढते आणि कचऱ्यात फेकते. पण तिने त्याला काढलं नाही. नट सैल केला आणि त्याची मान वाकवली. हळूहळू, जीभ दातांत धरून, बाबांसारखी. त्याचा गोळा सदऱ्यावरून उतरला, वरच्या रेघेवरून उतरला आणि खालच्या रेघेवर येऊन बसला. माझ्या रेघेवर! लुकलुक बंद करून तिने बटण साध्या उजेडावर आणलं. मला पुन्हा एकदा जळल्यासारखं झालं, पण माझ्या डोक्यावर तो मान वाकवून निमूट रेघेकडे बघत होता. खरं सांगतो, त्याचा काय दोष होता? त्याला कुणी मान खाली घालायला शिकवलंच नव्हतं. मला शिकवणारा माणूस मिळाला, हे माझं नशीब. त्यावर मी एवढी वर्षं फुगलो होतो.

तर मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. नवा दिवा आणा, जुना वापरा, पण महिन्यातून एकदा एखाद्या भिंतीसमोर उभं करून त्याची मान बघा. आणि स्वतः एकदा समोरून चालत या.

भिंगरी मात्र एवढ्यावर थांबली नाही. खडूने पांढऱ्या झालेल्या हातांनी तिने सायकल ढकलत थेट स्वयंपाकघराच्या दारात आणली. बाबांची त्या दिवशी सुट्टी होती, ते भाजी निवडत होते. आई एका हाताने डबे पुसत होती.

"अगं, चाकाचा चिखल घरात कशाला?" आई म्हणाली.

"आई, तो दीडशहाणा मी होते."

भाजीचं देठ बाबांच्या हातातच राहिलं. आईने डबा खाली ठेवला. आवाज न करता ठेवला, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"आणि काल तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले," भिंगरी म्हणाली. "शनिवार जाईल म्हणून."

"शनिवार जाणारच आता," आई म्हणाली. डोळे भरलेले, पण आवाज नर्सचा.

"मला एक सांगायचंय," भिंगरी म्हणाली. ती रडत नव्हती. चेंडू यायच्या आधी पाय रोवून उभी राहते तशी उभी होती. "मी ठरवलंय. तुझं मनगट बरं होईपर्यंत सायकल बंद, तू म्हणायच्या आधीच बंद. शनिवारची निवडही नाही. बाईंना कारण मी स्वतः सांगेन, आजारी आहे असं सांगणार नाही. भांडी माझ्याकडे. लंबी आणि चष्मिषच्या सायकलींना दिवे बसेपर्यंत त्या माझ्यामागून येणार नाहीत. या दोन दिव्यांपैकी एकालाही काढायचं नाही, मला चालताना आजोबा लागतात आणि थांबल्यावर हिरो. आणि यापुढे माझ्यामागे काहीही वाजलं ना, अगदी बेडूक जरी वाजला, तरी मी थांबणार आहे."