दप्तरासह

तास चालू असतानाच मागच्या बाकावरची उंच मुलगी दप्तर खांद्याला अडकवून उठली आणि वर्गात खसखस पिकली.

"निघाली स्वारी," खिडकीजवळचा मुलगा म्हणाला.

ती दारापर्यंत गेलीच नाही. परत खाली बसली, आणि शाळा सुटून वर्ग रिकामा झाला तरी उठली नाही. विज्ञानाच्या बाई फळा पुसून तिच्याजवळ आल्या. बाईंचा आवाज असा, की मुलांनी त्यांचं नाव 'करवत' ठेवलं होतं. पण संध्याकाळपर्यंत करवतीलाही धार राहत नाही.

"पॅडचं पाकीट संपलं का गं?"

"नाही बाई. दप्तरात आहे."

"मग गेली का नाहीस?"

मुलीने दोन्ही हात स्कर्टच्या बाजूंवरून खाली फिरवले. तिथे खिसे नव्हते.

"दप्तर घेतलं की हसतात. मग काय, नुसतंच हातात धरून नेऊ?"

बाईंनी अंगातला स्वेटर काढून तिच्या कमरेला बांधला. दुसरं काही सुचलं नाही.

वर्षभर त्यांनी काय कमी केलं होतं? तक्ते लावले. मुलग्यांनाही सोबत बसवून, न लाजता पाळी समजावली. तेव्हा सगळे कसे शहाण्यासारखे ऐकत होते. दर महिन्याला मुलींना पॅडचं पाकीट मिळावं म्हणून ऑफिसांचे उंबरे झिजवले. आणि एवढं करून घोडं अडलं कुठे, तर खिशापाशी. त्यांना स्वतःचाच राग आला. मुख्याध्यापिकांकडे विषय काढला, तर उत्तर तयार होतं, "पुढच्या वर्षी बघू. यंदाचे गणवेश शिवून झालेत."

मुलगी यायची थांबली. काही दिवसांनी तिची आई आली आणि दारातच उभी राहिली.

"नाव काढायला आलेय. ती नाहीच म्हणते. रोज किती डोकं फोडू? घरी राहिली तर धाकटीला सांभाळेल तरी."

"सोमवारपासून महिनाभर पाठवा," बाई म्हणाल्या. "नाहीच रमली, तर नाव मी स्वतः काढून देते."

बोलून तर बसल्या. करायचं काय, ते मात्र ठाऊक नव्हतं. रात्रभर कूस बदलत राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर डस्टर आपटलं.

"आजपासून जो वर्गाबाहेर जाईल, त्याने दप्तर घेऊन जायचं. पाणी प्यायला, बाथरूमला, खडू आणायला, कुठेही. मुलगा असो की मुलगी."

"का बाई?"

"चोऱ्या होतात."

"पण कुणाचं काय गेलं?"

"जायची वाट बघायची का?"

खिडकीजवळचा मुलगा उभा राहिला. "मग तुम्हीपण न्याल?"

बाईंनी आपल्या पिशवीकडे पाहिलं. तपासायच्या वह्यांनी ती फुगली होती आणि उजवा खांदा आधीच धरला होता.

"मीपण."

पुढचे दिवस नुसती कटकट. मुलं नळावर दप्तरं भिजवून येत, दारात एकमेकांना अडकत. मुख्याध्यापिकांनी व्हरांड्यात गाठलं.

"हे काय नवीन खूळ?"

खरं सांगितलं असतं, तर मधल्या सुट्टीपर्यंत ते शाळाभर झालं असतं. "चोऱ्या," एवढंच म्हणून बाई पिशवी सांभाळत पुढे गेल्या. करवतीचं डोकं फिरलंय, यावर वर्गाचं एकमत झालं. ते कानावर आलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं.

सोमवारी मुलगी आली. दप्तरं घेऊन ये-जा करणाऱ्या पोरांकडे ती नवलाने बघत राहिली. हळूहळू पोरांचं कुरकुरणंही थांबलं, कंटाळली बिचारी.

मग एक दिवस, बाई फळ्यावर समीकरण लिहीत असताना, मागचं बाक करकरलं. दप्तराची चेन लागल्याचा आवाज आला. खडू थांबला. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. पावलं बाकांमधून पुढे आली, आणि खिडकीजवळचा मुलगा बोलला, तेव्हा बाईंनी डोळे मिटून घेतले.

"ए, माझी बाटली भरून आण ना. नाहीतरी दप्तर नेतेच आहेस."

"तुझी तू भर," मुलगी म्हणाली आणि दाराबाहेर गेली.

बाईंनी समीकरण पुढे लिहायला घेतलं. खांदा फार दुखत होता.