मगरीच्या विष्ठेची प्रतिकृती

मूल होऊ नये म्हणून काय करावं, या एका प्रश्नापायी मानवजातीने हजारो वर्षं आपली बुद्धी पणाला लावली आहे. त्या बुद्धीचा एक नमुना, म्हणजे मगरीच्या विष्ठेचा गोळा, ती सकाळपासून पॉलिश पेपरने घासत होती.

ती संग्रहालयात प्रतिकृती बनवायची. सोमवारपासून संततिनियमनाच्या जुन्या उपायांचं प्रदर्शन होतं. गोळा प्लास्टरचा होता; खरा गोळा प्राचीन इजिप्तमधल्या बायका आत बसवून घेत. शेजारी लोहाराच्या पाण्याची बाटली होती. तापलं लोखंड बुडवलेलं ते पाणी बायका पीत. भिंतीवरच्या फलकावर लिहिलं होतं, की कार्यभाग उरकल्यावर बाईने उकिडवं बसून शिंकावं.

प्लास्टरच्या भुकटीने तिला शिंका आवरेनात.

“तुम्हाला बाई काळजीच नाही,” साहेब म्हणाले. सगळे हसले. तीही हसली, जरा उशिरा. पाळी अकरा दिवस लांबली होती, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं.

घरी माहीत होतं. दोन मुलं होती आणि नवऱ्याचा उपाय होता, “माझं लक्ष असतं.” अकराव्या दिवशी त्याचाच त्या लक्षावरचा विश्वास उडाला. त्याने स्वतःच फोन करून गुरुवारची आपल्या नसबंदीची छोटी शस्त्रक्रिया ठरवली. “हे राहिलं तर राहिलं. यापुढे नको.”

“पुरुषाची कंबर जाते त्याने,” सासूबाई म्हणाल्या.

“खुर्चीतलं काम आहे त्यांचं, आई.”

“मग खुर्चीत बसायला कंबर नको?”

रविवारी घरच्यांना प्रदर्शन आधी बघायला मिळालं. मगरीपाशी सासूबाईंच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. “काय एकेक बावळट माणसं गं!” बाटलीपाशी मात्र त्या थबकल्या. “एवढं कशाला? आम्ही एक खिळा लाल करून पेल्यात बुडवायचो. तेवढ्यात भागायचं.”

संध्याकाळी त्यांनी तिच्या हातात पेला ठेवला. नाही म्हणायचं तर बोलावं लागलं असतं. ती प्यायली. गंजाची चव होती.

मंगळवारी पाळी आली. घरी येऊन चपला काढता काढता तिने सांगून टाकलं.

“खिळा,” सासूबाई म्हणाल्या.

“कसला खिळा? म्हटलं नव्हतं, माझं लक्ष असतं?” नवरा खुर्चीत मागे रेलला.

शिंकांचं नाव तिने काढलं नाही.

“गुरुवारचं आहे ना?” तिने विचारलं.

“आता कशाला? जिवावरचं टळलं की.” त्याने दवाखान्यात फोन केला, नको म्हणून कळवलं आणि पलीकडच्या मुलीचे मनापासून आभारही मानले. सासूबाईंनी खिळा धुऊन, पुसून खणात ठेवला.

ती भाजी चिरायला बसली.

प्रदर्शनाला गर्दी लोटली. हात लावून लावून लोकांनी गोळ्याचा रंग घालवला. तो तिने दोनदा नव्याने दिला. वर्षभराने झालेल्या समारोपाला ती नव्हती. बाळंतपणाच्या रजेवर होती. मुलगा झाला, तीन किलो दोनशे.