सरकारांचा सोफा

गादीवाल्याच्या मेहुण्याला आयुष्यात एकच कला साधली होती, काढता पाय घेण्याची. वाळवंटात विहिरी खणणाऱ्या कंपनीत तो काही वर्षं राबला, येताना तिथल्या भटक्या लोकांकडचा शिकारी कुत्रा घेऊन आला, आणि लगेच जहाजावर नोकरी लागली म्हणून त्याला बहिणीच्या दारात बांधून पसार झाला. जाताना म्हणाला, "फार दुर्मीळ जात आहे, दाजी. जपा."

"दुर्मीळ म्हणजे शहाणी माणसं पाळत नाहीत ती," गादीवाला बायकोला म्हणाला.

कुत्र्याचं नाव सरकार. गादीवाल्याने त्याला कारागिराच्या नजरेने न्याहाळलं. सांगाडा फर्स्ट क्लास, वरचं कापड मखमली, पण मधलं भरण घालायला करणारा विसरलेला. फासळ्या मोजून घ्याव्यात. जनावरांच्या डॉक्टरने बजावलं, "या जातीच्या फासळ्या दिसल्याच पाहिजेत. दिसेनाशा झाल्या की माझ्याकडे आणा." पण गल्लीला हे कोण सांगणार? जो तो म्हणे, "अहो, मुक्या जीवाला उपाशी काय ठेवता?" शेवटी वैतागून त्याने दुकानावर पाटी लावली: 'कुत्रा जेवलेला आहे.' लोक ती वाचत आणि सरकारांसाठी बिस्किटं आणत.

अंगावर मांस नाही म्हणून सरकारांना फरशी टोचायची. पोतं टोचायचं. जुनी गादीही टोचायची. एके सकाळी गादीवाल्याने दुकान उघडलं, तर सरकार आत शिरून हेडबाईंच्या सोफ्यावर पसरले. हिरवी मखमल कालच ठोकून झाली होती.

हेडबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या गल्लीला त्यांनी पाढे शिकवले होते आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीला बाकावर उभं केलं होतं. गादीवाला दुसऱ्या अर्ध्यातला.

त्या सोफा न्यायला आल्या. "हे काय आहे?"

"सरकार आहेत, बाई."

"खाली उतर!" बाई कडाडल्या. गादीवालाच स्टुलावरून उतरला. सरकारांनी लांबलचक नाकावरून बाईंकडे पाहिलं आणि मान फिरवली. असं बाईंच्या उभ्या नोकरीत कुणी केलं नव्हतं.

गादीवाल्याने पट्टा धरून ओढला. सरकारांचं डोकं मानेहूनही निमुळतं. पट्टा सुळ्ळकन निसटला, आणि गादीवाला मागच्या मागे खिळ्यांच्या डब्यात बसला. तो बोंबलेपर्यंत दारावरून वाऱ्याने एक पांढरी पिशवी उडत गेली. सरकारांचे कान टवकारले, आणि पुढच्या क्षणी सोफा रिकामा.

शाळेच्या मैदानावर गल्ली लोटली. सरकार गोल गोल पळत होते, हातभर अंतरावर येत होते आणि हुलकावणी देऊन निसटत होते. वाणीण बिस्किटांचा पुडा हलवत राहिली. पोस्टमनने मोटरसायकल मागे घातली, तेव्हा सरकारांनी वळून पाहिलं. दया आली असावी, कारण जरा हळू झाले.

मैदानाची भिंत एका बाजूला पडलेली होती. पलीकडे मोठा रस्ता, भरधाव ट्रक. ते ध्यानात येताच गादीवाला ओरडला, "सरकार! अरे राजा, ये ना रे!" त्याचा आवाज फाटला. हे आपण मेहुण्याच्या भीतीने ओरडत नाही, हे त्याचं त्यालाच कळलं.

"गप्प बस," मागून हेडबाई म्हणाल्या. "रुसलेल्या पोराला हाका मारायच्या नसतात. त्याची जागा दाखवायची. माझा सोफा आणा."

हातगाडीवर सोफा चढला. कुणाचा मळका हात लागू नये म्हणून बाई स्वतः वर बसल्या, पाठ ताठ, पर्स मांडीवर. वरात मैदानाच्या मधोमध येऊन थांबली. सरकारांनी एक फेरी मारली, दुसरी जरा लहान मारली. मग धापा टाकत गाडीजवळ आले, टुणकन वर चढले आणि पर्सवर हनुवटी टेकून डोळे मिटले.

"कुणीही हलायचं नाही," बाई कुजबुजल्या. अख्खी गल्ली प्रार्थनेला उभी असल्यासारखी थिजली.

गादीवाला मात्र दबकत पुढे झाला. त्याने कमरेचा रुंद पट्टा काढून सरकारांच्या गळ्यात बांधला. परतताना एका हाताने तो गाडी ढकलत होता आणि दुसऱ्या हाताने पँट सांभाळत होता. डोळे पुसायला हात उरला नव्हता, ते काम बायकोने पदराने केलं.

त्याच संध्याकाळी त्याने सोफ्याच्या बैठकीखाली ताणतात त्या जाड नवारीचा चार बोटं रुंद पट्टा शिवला, निसटणार नाही असा. बाईंनी सोफा काही नेला नाही. "त्याची झोप मोडणं बरं नाही," एवढंच म्हणाल्या आणि रोज दुपारी दुकानात येऊन, सरकार ठेवतील तेवढ्या जागेवर बसू लागल्या. गिऱ्हाइकांना वाटे, गादीवाल्याने हिशेबनीस ठेवलीय.

पुढे मेहुणा सुट्टीवर आला. "सरकार!" म्हणत त्याने हात पसरले. सरकारांनी एक डोळा उघडला, शेपटीचं टोक एकदा हलवलं आणि कूस बदलली.

"ताई, यानं मला ओळखलंच नाही!"

"ओळखलं, म्हणूनच तर उठला नाही," बायको म्हणाली, आणि भावासाठी फरशीवर चटई टाकायला गेली.