संध्याकाळ प्यालेलं भिंग

डॉमनिक गेला आणि त्याच्या कॅमेऱ्याचं भिंग लोकरीच्या मोज्यात घालून कपाटात ठेवलं गेलं, ते कैक वर्षं तिथेच. त्याची मुलगी जेनिफर नोकरीला लागली, तिने नवा कॅमेरा घेतला आणि मध्ये एक कडं घालून ते भिंग त्यावर बसवलं. भाऊ मेलरॉयच्या लग्नाचे फोटो तिला पप्पांच्या भिंगातूनच काढायचे होते.

पहिला फोटो तिने आमच्या पाचूबंदरच्या किनाऱ्यावर काढला. त्यात पापलेटं हळदीला बसलेली, बर्फ केशरी, आणि मला अशी कावीळ, की फोटो बघून एक वैदू औषधाची बाटली घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

"आत्मारामकाका, काच पिवळी पडलीय," जेनिफर म्हणाली.

"पडेल नाही तर काय? तुझा बाप राजोडीच्या किनाऱ्यावर जाऊन मावळतीचे फोटो काढायचा. एवढ्या संध्याकाळी प्यायल्यावर कुणीही पिवळं पडेल."

मी आपला बोलून गेलो. पण तिची आई मॅग्डलीन मागे बोंबील निवडत बसली होती. तिने ते मनात धरलं.

जेनिफरने मोबाइलवर शोधून काढलं, की काही जुन्या भिंगांच्या काचेत थोरियम असतं. त्याने काच हळूहळू पिवळी होते, आणि उन्हात ठेवली की पिवळेपणा उतरतो. रविवारी मिस्सा आटोपल्यावर ती भिंग घेऊन बोंबील वाळवायच्या वलांडीकडे निघाली, तर मॅग्डलीन आडवी आली.

"उन्हात नाय ठेवायचा. तुज्या बापानी बघितलेल्या संध्याकाली हायत त्यात."

"मम्मी, आपल्या नवरीचा, एलिनाचा गाऊन पांढरा आहे. आमरसात पडल्यासारखी दिसेल ती."

"दिसू दे. तुज्या बापाच्याच घरात येतेय ना?"

"सेटिंग बदलून बघितलं. गाऊन ठीक येतो, पण तू निळी दिसतेस."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी आभाळाकडे.

जेनिफर आत गेली आणि आल्बम घेऊन आली. होड्यांना आशीर्वाद द्यायच्या दिवशीचा फोटो होता. तरणीताठी मॅग्डलीन, लाल लुगडं, केसांत गजरा.

"ह्याच भिंगाने काढलाय ना?"

"ह्याच. दुसरा कुठून आननार होता तो?"

"मग गजरा बघ."

गजरा मिठासारखा पांढरा होता. मॅग्डलीनने त्यावरून अंगठा फिरवला.

"पप्पांना रंग नीट दिसायचे, मम्मी. भिंग त्यांच्यासोबत सारखं उन्हात असायचं. पिवळं झालं ते नंतर."

"कवा?"

जेनिफरने भिंगाचा लोकरीचा मोजा पुढे धरला. मॅग्डलीनची नजर आतल्या अंधाऱ्या कपाटाकडे गेली.

"येक माजा काढ," ती म्हणाली. "असाच, पिवला. मग ठेव उन्हात."

पहिल्याच दुपारी भिंगाने ऊन गोळा करून खालचा बोंबील भाजला. दुसऱ्या दुपारी मांजरं रांग लावून बसली. वास अर्नाळ्यापर्यंत गेला असं मी सांगतो, आणि कुणी अजून खोडून काढलेलं नाही. मग जेनिफरने खाली डबा गुंडाळायचा चंदेरी कागद अंथरला आणि मांजरांचा रोजगार गेला. मॅग्डलीन रोज भिंग डोळ्याला लावून पांढरा पंचा बघायची. आधी मधाचा रंग होता, मग लिंबाच्या सरबताचा, मग काहीच नाही.

लग्न पापडीच्या चर्चमध्ये लागलं. गाऊन पांढराशुभ्र आला. एलिनाने मान डोलावली, मेलरॉय खूश. जेवणाआधी जेनिफरने आईला अंगणात उजेडात उभं केलं आणि तिचा फोटो काढला. मॅग्डलीनने कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो बघितला.

"एवढे पिकले केस माजे?" मग हळूच म्हणाली, "डॉमनिकनी हे बघितलाच नाय."

जेनिफर भिंगाची काच पुसायला लागली. मला असलं सोसत नाही.

"वहिनी, भिंगाला दोन बाजू असतात. इकडून आपण बघतो, तिकडून तो. मघाशी मी स्वतः पाहिलं, मिशी कोरत होता."

"खोटारडा मेला," मॅग्डलीन म्हणाली. दोन पावलं जेवणाच्या पंगतीकडे गेली, आणि थांबली.

"जेनी, आनखी येक काढ. थांब, केस विंचरून येते."