पुढच्या महिन्यात बदलू

आमच्या कॉम्प्युटरनं सहा महिने आधी सांगून ठेवलं होतं. मी ऐकलं, नवऱ्यानं ऐकलं नाही, एवढाच काय तो फरक. रमजानच्या आधीपासूनच त्याच्या पोटातून टक् टक् असा आवाज यायला लागला होता. मी इरफानला म्हटलं, हा बदला. तो म्हणाला, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली तर लग्नसराई आली, आणि ऐन हंगामात कुणी चालू मशीन उघडतं का? जानेवारीत त्याला नवीनच सुचलं. म्हणाला, पुढच्या महिन्यात याहून भारी मॉडेल येतंय, आज घेतलं तर महिन्याभरात जुनं होईल. या हिशेबानं माणसानं कधी काही घेऊच नये, कारण पुढचा महिना दर महिन्याला येतो. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो हसला. इरफान हसला की मला जास्त राग येतो.

नारायणगावच्या एसटी स्टँडासमोर आमचा फोटो स्टुडिओ. फोटो इरफान काढतो, कॉम्प्युटर माझ्याकडे. लग्न, बारसं, पासपोर्ट सगळं करतो, पण दुकानाचं नाव झालं ते गेलेल्या माणसांच्या फोटोंवर. आमच्या भागात दशक्रियेला फोटो लागतो. नदीवर प्रवचन असतं, गावोगावची माणसं जमतात, आणि समोर हार घातलेला फोटो नसला तर घरच्यांना मान वर करवत नाही. आता म्हाताऱ्या बायकांचे फोटो असतात कुठं? कुणाच्या तरी लग्नात, मागच्या रांगेत, तेही अर्धे. तो चेहरा मी कापून काढते, नीट करते, मागं निळा पडदा टाकते. कपाळाचं आधी विचारून घेते. मालक हयात असतील तर कुंकू लावते. मी मुसलमानाची बाई, पण जुन्नर-आंबेगावातल्या किती सवाष्णींना शेवटचं कुंकू मी माऊसनं लावलंय याची मोजदाद नाही.

काम झालं की मूळ फोटो परत देताना आमचं एक वाक्य ठरलेलं होतं. काळजी करू नका, कॉम्प्युटरमध्ये कायम राहील, कधीही या. इरफाननं ते बोर्डावरसुद्धा रंगवून घेतलं होतं. लोक खरंच यायचे. घर गळलं, उंदरानं अल्बम खाल्ला, की आमच्याकडे. सात वर्षांची माणसं त्या एका डब्यात बसली होती आणि डबा टक् टक् करत होता.

दोन हजार सहाचा मार्च होता. एक वाजून गेला होता. घाटघरचे भिमाजीबाबा दुकानाची पायरी चढले तेव्हा मी त्यांना लगेच ओळखलं. चार वर्षांपूर्वी ते आणि त्यांची बायको धोंडाबाई इकडं टोमॅटो तोडायला आले होते, आणि जाताना एक जुना फोटो नवा करून घेऊन गेले होते. या वेळी ते एकटेच होते आणि डोक्याचे केस काढलेले होते. मी काही विचारायच्या आत त्यांनी पिशवीतून एक कागद काढून काउंटरवर ठेवला. आमच्याच प्रिंटरवर काढलेली ती प्रत. घाटघरच्या चार पावसाळ्यांच्या ओलीनं तिचा नुसता निळा डाग झाला होता. त्यात माणूस म्हणून काही उरलं नव्हतं.

धोंडाबाईंना जाऊन आज नववा दिवस होता. उद्या सकाळी दशक्रिया होती. बाबांना त्याच फोटोची दुसरी प्रत हवी होती.

मी म्हटलं, "मूळचा फोटो असेल ना बाबा, जुना? तो द्या, त्यावरून लगेच करते."

"त्यो दिला की तिच्या संगं," बाबा म्हणाले. "लई जपायची त्याला. तवा सरणावर तिच्या छातीवर ठिवला. तूच म्हनली व्हती ना पोरी, कायम ऱ्हातोय तुमच्यात."

मी म्हणाले होते. इरफान नाही, बोर्ड नाही, मी स्वतः म्हणाले होते, आणि त्या शब्दावर या माणसानं बायकोचा एकुलता एक फोटो जाळून टाकला होता. माझ्या तोंडून "हो बाबा, आहे ना" असं निघून गेलं. आहे की नाही ते न बघताच. मग मी कॉम्प्युटरकडे वळले.

सकाळपासून मशीन चालू होतं, फोटो दुरुस्तीचा प्रोग्रॅम उघडाच होता, पण आवाज बदलला होता. टक् टक् आता थांबून थांबून येत होतं आणि मध्ये घासल्यासारखी एक खर्रर्र. मी दोन हजार दोनचं फोल्डर उघडायला गेले, तर पडद्यावर ते वाळूचं घड्याळ आलं आणि तिथंच बसलं. मी इरफानला हळूच आत बोलावलं. त्यानं आवाज ऐकला आणि पहिल्यांदाच तो हसला नाही. तसाच तो समोरच्या दुकानातून संयमला घेऊन आला.

संयम म्हणजे सुवालालशेठचा नातू. शेठचं किराणा दुकान, त्याच्या अर्ध्या भागात यानं कॉम्प्युटर विकायला सुरुवात केली होती. आमच्यासाठी एक नवीन मशीन त्यानं दोन महिने बाजूला काढून ठेवलं होतं, आणि भेटला की इरफानला विचारायचा, कधी लावू? इरफानचं उत्तर तुम्हाला माहीतच आहे.

संयमनं डब्याला कान लावला. मग आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला की हार्डडिस्क चालली. दोन रस्ते आहेत. एक, मशीन रीतसर बंद करायचं, डिस्क काढून नव्या मशीनला जोडायची आणि सगळं तिकडं घ्यायचं. खरी पद्धत हीच. पण एकदा फिरायची थांबली तर ही डिस्क पुन्हा फिरेल याची खात्री तो देणार नव्हता. दुसरा रस्ता, आहे तशी चालू ठेवून तो एकच फोटो उघडायचा. पण घासत असलेल्या डिस्कवर काम केलं तर बाकीचं सगळं कायमचं जाईल, ही मात्र खात्री.

"डिसेंबरात बोलावलं असतं तर दोन तासांचं काम होतं," तो म्हणाला.

घड्याळात दीड वाजला होता. त्या आठवड्यात दोन ते पाच लोडशेडिंग होतं. यूपीएसची बॅटरी तर कधीच मेली होती, तीही पुढच्याच महिन्यात बदलायची होती. म्हणजे दोनला मशीन आपोआप बंद पडणारच होतं आणि अर्ध्या तासाच्या आत आम्हाला ठरवायचं होतं.

इरफान बंद करा म्हणत होता. सात वर्षांचं काम आहे, हजारो माणसं आहेत, एका फोटोसाठी सगळ्यांवर पाणी कसं सोडायचं. त्याचं चूक नव्हतं, हे मला आजही कबूल आहे. पण ते हजारो कुणी उद्या सकाळी नदीवर फोटो मागणार नव्हते. बाहेर बाकावर बसलेले बाबा मागणार होते. आणि डिस्क फिरली नाही तर त्यांना जाऊन सांगायचं कुणी? मी सांगायचं. मी म्हटलं, "सहा महिने तुम्ही ठरवलं. आता अर्धा तास मला ठरवू दे." इरफाननं खुर्ची सरकवून मला बसायला जागा दिली.

संयमनं बजावलं होतं की शोधाशोध करायची नाही, दर वेळी एकदाच क्लिक करायचं आणि हात मागं घ्यायचा. वाळूचं घड्याळ गेलं, गावांची नावं आली. मी फोटो गावाच्या नावानं ठेवते. घाटघर उघडलं. सात फायली होत्या. भिमाजी या नावाची तिसरी. मी क्लिक केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

टक्. खर्रर्र. टक्. पडदा करडा झाला. एक मिनिट गेलं, दीड मिनिट गेलं. मग वरून एक पट्टी उमटली. जत्रेतल्या फोटोवाल्याचा पडदा, त्यावर रंगवलेलं नारळाचं झाड. अजून एक पट्टी आली. आवाज वाढला. बाबा केव्हा उठून आत आले ते कळलं नाही, माझ्या खुर्चीमागं उभे होते. मी त्यांना बाहेर बसा म्हणू शकले नाही.

पुढच्या पट्टीत पदराचा काठ आला. मग केसांचा भांग. मग कपाळ. प्रत्येक पट्टीनंतर डिस्क थांबायची आणि आम्ही चौघं पुढच्या पट्टीची वाट बघायचो. डोळे आले. विशीतल्या पोरीचे डोळे, फोटोवाल्याला घाबरलेले. नाक आलं, मोठी नथ आली. ओठ यायला इतका वेळ लागला की मला वाटलं संपलं. आले. हनुवटी आली, गळ्यातली पोत आली.

ती उभी होती. तिच्या शेजारी, खुर्चीत बसलेल्या माणसाचं मुंडासं आता कुठं दिसायला लागलं होतं. तेव्हाची रीतच तशी, नवरा खुर्चीत आणि बायको खांद्याला हात लावून उभी. मुंडासं झालं, कपाळ झालं, दोन भुवया झाल्या. तिथं डिस्कनं एक लांब खर्रर्र केलं आणि खाली सगळं करडं राहिलं.

पुढची पट्टी आलीच नाही.

"अजून थांबू?" मी संयमला विचारलं. तो म्हणाला, थांबू नका, जे पडद्यावर आहे ते आधी उचला. दोनला नऊ मिनिटं होती. मी पडद्यावरचं चित्र जसंच्या तसं उचललं, उघड्या असलेल्या प्रोग्रॅममध्ये चिकटवलं, फ्लॉपी सरकवली आणि सेव्ह केलं. फ्लॉपीचा हिरवा दिवा लागला, घरघर झाली आणि मध्येच बंद पडली. इरफान माझ्या कानाजवळ काहीतरी पुटपुटत होता, दुआच असणार. पुन्हा घरघर झाली. दिवा विझला. मी फ्लॉपी काढून थेट संयमच्या हातात दिली. त्यानं ती खिशात ठेवली आणि खिशावर हात धरला.

दोन मिनिटांत पडदा निळा झाला. त्यानंतर लाईट गेली.

इरफाननं त्याच दुपारी नवीन मशीन आणलं. या वेळी त्यानं मॉडेल विचारलं नाही. पाचला लाईट आली, संयमनं फ्लॉपी घातली, आणि धोंडाबाईंचा चेहरा नव्या पडद्यावर पूर्ण आला. आमची जुनी डिस्क मात्र त्यानं तीन वेळा जोडून पाहिली. ती फिरली नाही. त्यात कोण कोण होतं ते मी आठवायला लागले आणि मग मुद्दाम थांबले, कारण रडायला आलं असतं आणि काम राहिलं असतं.

फोटो लहानच होणार होता, पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा. मी पोतीखालचा अर्धवट भाग कापला, काळ्या टिकलीच्या जागी लाल कुंकू लावलं. बाबांना शेवटची घाटघर गाडी गाठायची होती, तरी ते घाई करा म्हणाले नाहीत. फ्रेम हातात घेऊन त्यांनी ती आधी धोतरानं पुसली आणि मग बराच वेळ बघत राहिले. इरफान त्यांच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला की चूक माझी आहे, तुमचा चेहरा माझ्यामुळं गेला. बाबा म्हणाले, "असू दे पावणं. ती आली."

मला काही राहवेना. ती उभी होती म्हणून वाचली, ते बसले होते म्हणून गेले, आणि तो फोटो आता जगात कुठंही नव्हता. मी म्हटलं, बाबा, पाच मिनिटं थांबा, तुमचा आताचा फोटो काढते. सुरकुत्या काढून तुम्हाला तरुण करते आणि तिच्या शेजारी तसंच खुर्चीत बसवते. ते मला येतं, किती जणांचं केलंय.

बाबांनी फ्रेम पिशवीत ठेवली, वर पंचा गुंडाळला.

"नगं पोरी," ते म्हणाले. "तवा मी कसा दिसत व्हतो त्ये तुला कसं ठावं?"

चार वर्षांपूर्वी केलेला तो चेहरा मलाही आठवत नव्हता. मी म्हटलं, तुम्ही सांगा, तसं करते.

"मला तरी कुठं ठावं? घरात आरसा न्हवता. फोटूत बी मी तिलाच बघायचो. तिनंच बघितला व्हता मला."