दोन बोटं कोरी जागा

चित्रकाराने चमचा उचलून बायकोच्या डोळ्यांसमोर धरला.

"हे काय?"

तिने चमच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले.

"खिडकी."

"बरं. मग ती समोर खिडकी आहे ना, तिला काय म्हणायचं?"

ती खिडकीकडे बराच वेळ बघत राहिली. पलीकडच्या गच्चीवर एक बाई चादर झटकत होती.

"मंगळवार."

वार गुरुवार होता. त्याने वहीत दोन फुल्या मारल्या आणि त्याच चमच्याने तिला औषध दिलं. वहीतले रकाने त्याने स्वतः पट्टीने आखले होते, एक 'बरोबर', एक 'चूक'. तीन महिन्यांत 'चूक'ची सात पानं भरली होती. 'बरोबर'च्या खाली 'हो', 'नको', लेकीचं टोपणनाव आणि एकदा, कसं कोण जाणे, 'उशी' एवढंच होतं.

झटका आला त्या दिवसापासून तिचा उजवा हात मांडीवर पडून असे आणि शब्द एकमेकांच्या जागी जाऊन बसले होते. हात त्याला सोसला असता. पण ही बाई शब्दांवर जगलेली. शहरातल्या कलादालनांत तिला सगळे टिपणबाई म्हणत. प्रदर्शन कुणाचंही असो, चित्रांशेजारी भिंतीवर लावायचा मजकूर तिनेच लिहायचा. कोणाची रेषा सळसळती, कोणाचे रंग तरल, कोण अंतर्मुख, कोण भारदस्त, हे तिने ठरवायचं आणि मग वर्तमानपत्रांनी तेच शब्द उचलून आपले म्हणून छापायचे. खुद्द चित्रकारांनाही आपण अंतर्मुख आहोत हे पुष्कळदा तिच्याकडूनच कळे.

आणि आता चमच्याला खिडकी.

बोलण्याचा सराव करून घेणारी मुलगी आठवड्यातून दोनदा येई. परवा ती निघाली तेव्हा तो जिन्यापर्यंत तिच्या मागे गेला होता. दार ओढून घेऊन त्याने हळू आवाजात विचारलं होतं,

"खरं सांग. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"आड भरलेला असतो हो काका. बहुतेक वेळा दोर तुटलेला असतो."

"बहुतेक वेळा."

मुलगी प्रामाणिक होती. तिने उगाच धीर दिला नाही.

"आत किती आहे ते बाहेरून मोजता येत नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही त्यांना दिवसभर चमचे काय दाखवता? चमचा कोणाला आवडतो? त्यांच्या जिव्हाळ्याचं काहीतरी दाखवा. आणि ती वही आधी बंद करा."

वही त्याने बंद केली नाही. पण आज औषध देऊन झाल्यावर त्याने कपाटावरून प्रदर्शनांच्या जुन्या पुस्तिका काढल्या, धूळ पुसली आणि खुर्ची तिच्या जवळ ओढली.

पहिलं चित्र घोड्यांचं होतं. काढणारा त्याचाच कॉलेजातला मित्र, मिशीवाला. सहा फुटांखाली कॅनव्हास घ्यायचा नाही असा त्याचा पण होता. या घोड्यांना तिने 'भारदस्त, जोमदार' म्हटलेलं त्याला पक्कं आठवत होतं, कारण त्यानंतर वर्षभर मिशीवाला जोमदार चालत होता.

"हा कसा?" त्याने विचारलं. "याची चित्रं कशी आहेत?"

ती पुढे झुकली. चमच्याकडे बघताना डोळ्यांत जी गोंधळलेली भीती असे, ती आता नव्हती. पण तोंडातून आलं ते भलतंच.

"सासरा."

"सासरा नाही गं. घोडे. भा... भार..."

"सासरा!" तिने ठासून सांगितलं.

त्याने फुली मारली.

दुसरी पुस्तिका जलरंगांत काम करणाऱ्या एका चित्रकर्तीची होती. धुकं, तळं, तळ्यात धुकं. हिला टिपणबाईने 'तरल, स्वप्निल' म्हटलं होतं आणि ती चित्रकर्ती आनंदाने तिच्या गळ्यात पडली होती.

"चहा," बायको म्हणाली.

तो उठला, आत गेला, आलं ठेचून चहा केला, बशीत ओतून गार केला आणि तिच्या ओठांशी धरला. तिने मान फिरवली. पुन्हा धरला, तर डाव्या हाताने बशी दूर लोटली. थोडा चहा त्याच्या पायजम्यावर सांडला.

"चहा!" ती चित्रावर बोट आपटत म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हो हो, चहा. रडू नकोस. नको तर नको."

फुली. खरं तर तेव्हाच थांबायला हवं होतं. पण माणसाला आपल्याबद्दल बरं ऐकायची खोड असते, आणि ती चित्रकाराला इतरांहून जरा जास्तच असते. त्याने तिसरी पुस्तिका उघडली, स्वतःची.

त्याच्याबद्दल तिने कायम एकच शब्द वापरला होता. 'संयत.' पहिल्या प्रदर्शनापासून सतराव्यापर्यंत, प्रत्येक पुस्तिकेत. कमी रंग, शांत घरं, रिकामी अंगणं, आणि चारी बाजूंनी दोन बोटं कोरी सोडलेली जागा. त्या कोऱ्या जागेवरून लोक त्याचं चित्र लांबून ओळखत. तो शब्द त्याने मनाला इतका लावून घेतला होता की उन्हाळ्यातसुद्धा घरीदारी सदऱ्याचं गळ्याचं बटण लावूनच तो वावरे. शब्दांची तो एरवी थट्टा करी, 'तुझं काय, झाकली मूठ सव्वा लाखाची,' असं म्हणे. या एका शब्दाची मात्र त्याने कधी थट्टा केली नव्हती.

"आणि हा?" त्याने विचारलं. "हा कसा आहे?"

ती चित्राकडे बघत होती. मग तिने वर, त्याच्या तोंडाकडे पाहिलं. झटका आल्यापासून इतकं थेट तिने कुणाकडे पाहिलं नव्हतं.

"भित्रा."

त्याने हसायचा प्रयत्न केला.

"सं... संय..."

"भित्रा," ती म्हणाली, आणि डाव्या हाताचं बोट चित्राच्या कडेवरून, त्या कोऱ्या जागेवरून सावकाश फिरवलं. वरून, बाजूने, खालून.

चमचा खिडकी असतो तसाच हाही एक शब्द, त्याने स्वतःला समजावलं. खिडकीचा राग नाही आला, मग याचा का यावा? पण लागायचं ते लागलं होतं. फुली मारताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

तेवढ्यात फोन वाजला. कलादालनाची व्यवस्थापक होती.

"सर, तुम्हा पाचजणांच्या प्रदर्शनाची पुस्तिका छपाईला चालली आहे. बाकी चौघांचे मजकूर बाईंनी आधीच देऊन ठेवले होते. फक्त तुमचाच राहिलाय."

"माझा ती शेवटी लिहायची. नेहमी."

"हो ना. आता त्यांच्याकडून व्हायचं नाही, ते मी समजू शकते. मागच्या वेळचाच छापू का? आणि खाली त्यांचं नाव... म्हणजे नवीन कोणी लिहिणारं बघावं लागेल पुढे. तुम्ही गैरसमज नका करून घेऊ."

"नाही. बघतो. अर्ध्या तासात कळवतो."

तिची शब्दांची पेटी आतल्या खोलीत टेबलाखाली होती. मुळात ती त्याच्या तैलरंगांची लाकडी पेटी, रंग संपल्यावर तिने मागून घेतलेली. त्यात त्याच्याच रेखाटनांच्या कागदांतून कापलेली कार्डं उभी खोचली होती, चित्रकारामागे एक. प्रत्येक प्रदर्शन बघून आली की चपला काढायच्या आधी ती पेटीशी बसायची आणि कार्डावर काहीतरी लिहायची. चौतीस वर्षं त्याने ते पाठमोरं लिहिणं पाहिलं होतं. काय लिहितेस, असं विचारलं नव्हतं. शब्द साठवत असेल, मुंगी साखर साठवते तशी.

त्याने आपलं कार्ड शोधलं. वर शाईने, तिच्या गोल अक्षरात: 'संयत. मितभाषी रंग. रिकाम्या जागेला बोलू देणारा.' तो ते एका कागदावर उतरवू लागला. 'रिकाम्या' लिहून झालं तेव्हा त्याला दिसलं की पलीकडून पेन्सिलीच्या ओळी उमटल्या आहेत. त्याने कार्ड उलटलं.

मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'भित्रा. कडेपर्यंत जात नाही. कधीतरी जाईल.'

खाली तारीख होती, त्याच्या पहिल्या प्रदर्शनाची. तिच्या खाली, वेगवेगळ्या पेन्सिलींनी, एकाखाली एक, 'अजून नाही.' 'अजून नाही.' 'अजून नाही.' त्याने मोजलं. सोळा वेळा.

तो खाली फरशीवरच बसला. मग एकदम काहीतरी सुचून त्याने मिशीवाल्याचं कार्ड ओढून काढलं. पुढे 'भारदस्त, जोमदार.' मागे: 'सासरा येऊन बसल्यासारखी चित्रं. पाया पडावं आणि आत निघून जावं.'

मग त्याने जलरंगवालीचं कार्ड काढलं. पुढे 'तरल, स्वप्निल.' मागे: 'दूध आहे, साखर आहे. चहा घालायचा राहून गेला.'

खरं तर त्याला राग यायला हवा होता. जिच्यासोबत संसार केला त्या बाईने आपल्याला एवढी वर्षं भित्रा म्हणावं आणि ते पेटीत उभं करून ठेवावं! एरवी आठवडाभर तो जेवला नसता. पण आत्ता तो फरशीवर बसून, कार्डं मांडीवर घेऊन, लहान पोरासारखा रडत होता आणि हसतही होता. तिचे हे शब्द चुकलेले नव्हते. आड भरलेला होता. काठोकाठ भरलेला होता.

तो धडपडत बाहेर आला.

"अगं, सासरा! सासरा बरोबर होतं!"

उशिरा ट्यूब पेटणाऱ्या माणसाकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली.

"आणि चहा! चहा घालायचा राहिला! आणि मी मूर्ख, आलं ठेचत बसलो!"

"चहा," ती म्हणाली, नाक मुरडून, आणि हसली. चेहरा अर्धाच हसला, पण त्याला तो पुरला.

"आणि मी भित्रा!"

हे तो इतक्या मोठ्याने आणि इतक्या आनंदाने ओरडला की पलीकडच्या गच्चीवरच्या बाईने चादर खाली करून पाहिलं.

त्याने वही घेतली आणि तीन फुल्या खोडल्या. तिचे तिन्ही शब्द 'बरोबर'च्या रकान्यात लिहिले. मोडलेल्या पेन्सिलीने ते नीट उमटेनात, म्हणून प्रत्येक शब्द दोनदा गिरवला. मग खुर्चीवर बसून त्याने आपलं कार्ड तिच्या गुडघ्यावर ठेवलं.

"मला कधी बोलली का नाहीस?"

ती उत्तर शोधू लागली. ओठ जुळले, सुटले. कपाळावर आठी पडली.

"खिडकी," ती म्हणाली, आणि हे ते नव्हे म्हणून स्वतःच चिडून मान हलवली.

"राहू दे. सापडेल तेव्हा सांग."

तिने डावा हात उचलला आणि त्याच्या गळ्याशी नेला. बटण चाचपडलं. एका हाताने ते निघेना. तिचा हात तसाच ठेवून त्याने ते स्वतःच काढलं.

बऱ्याच वेळाने त्याला फोनची आठवण झाली. अर्धा तास केव्हाच उलटला होता. कार्ड डोळ्यांपाशी धरून त्याने नंबर लावला.

"लिहून घ्या," तो म्हणाला. "भित्रा. पूर्णविराम. कडेपर्यंत जात नाही. पूर्णविराम. कधीतरी जाईल."



"सर, हे... हे तुमच्याबद्दल आहे?"

"माझ्याबद्दलच. आणि खाली तिचं नाव घाला. नेहमीच्या जागी."

"बाईंनी लिहिलंय? कधी?"

त्याने कार्डावरची तारीख पाहिली. मग खुर्चीकडे पाहिलं. ती मिशीवाल्याची पुस्तिका डाव्या हाताने उलटत होती आणि प्रत्येक घोड्यापाशी थांबून नाक मुरडत होती.

"आज सकाळी," तो म्हणाला.